आधी आरसा, मग चेहरा: ऑर्पेनच्या वाटेने तैलरंगात सेल्फ पोर्ट्रेट

स्वतःचं पोर्ट्रेट करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा डोळ्यांपासून सुरुवात करतो. मग नाक, मग ओठ, आणि तिथेच चित्र अडतं. डोळे नीट जमलेले असतात, पण ते कुठल्या डोक्यात बसवायचे हे ठरलेलंच नसतं. यावरचा उपाय मला विल्यम ऑर्पेन या आयरिश चित्रकाराच्या चित्रांत सापडला. डब्लिनमध्ये राहायला आल्यापासून मी त्याची सेल्फ पोर्ट्रेट्स पुन्हा पुन्हा बघत आले आहे. माझी कामाची पद्धत तिथूनच आली आणि तीच इथे सविस्तर लिहिते आहे. तैलरंग थोडेफार हाताळलेले असतील तर एवढं पुरेल.

ऑर्पेनचा जन्म १८७८चा, डब्लिनजवळच्या स्टिलऑर्गनमधला. शिक्षण आधी डब्लिनच्या मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये झालं. पुढे श्रीमंतांची पोर्ट्रेट्स करून त्याने भरपूर पैसा मिळवला. पण लहानपणी आईवडिलांच्या बोलण्यात आपल्या कुरूपपणाचा विषय त्याच्या कानावर पडला होता आणि ते शल्य जन्मभर राहिलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय ते. तरी हा माणूस आयुष्यभर आरशासमोर उभा राहून स्वतःला रंगवत राहिला. मला याचं फार अप्रूप आहे.

त्याची तीन चित्रं समोर ठेवा. ‘द डेड टार्मिगन’ डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडच्या संग्रहात आहे. १९०९च्या सुमाराचं हे चित्र, हातात मेलेला पक्षी उचलून धरलेला ऑर्पेन. गॅलरीत प्रवेश मोफत आहे. चित्र त्या वेळी भिंतीवर आहे का, तेवढं आधी विचारून जा. दुसरं ‘लीडिंग द लाइफ इन द वेस्ट’, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात: डोक्यावर बोलर हॅट, हातमोजे, घोडेस्वाराची छडी आणि आरशाच्या कडेला खोचलेले कागद. त्यातला एक कागद चक्क उधारीची चिठ्ठी आहे. तिसरं ‘रेडी टू स्टार्ट’, लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये. १९१७ साली युद्धचित्रकार म्हणून फ्रान्सला गेल्यावर तिथल्या कासेल गावी केलेलं. डोक्यावर लोखंडी हेल्मेट आणि पुढ्यात टेबलावर बाटल्या, सोड्याचा सायफन, ग्लास. ही दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बघता येतात.

तिन्हींमध्ये चेहरा आहे, पण एकट्या चेहऱ्यावर चित्राचा भार टाकलेला नाही. शेवटच्या दोन चित्रांत तर त्याने खोलीतला आरसाच रंगवलाय. त्या आरशात टोपी घातलेला एक माणूस दिसतो, इतकंच. तुम्हालाही हेच करायचं आहे. आरशाची चौकट, समोरचं टेबल, मागची भिंत आणि त्यांच्यामध्ये एक डोकं. त्या डोक्याला बाटलीपेक्षा जास्त मान द्यायचा नाही, निदान पहिले काही दिवस.

आरसा आणि मांडणी

आरसा मोठा घ्या, कंबरेपर्यंतचा भाग दिसेल इतका. चौकटीचा असला तर उत्तम. तो भिंतीला टेकवून किंवा टेबलावर उभा करून पक्का बसवा आणि पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा. रोज त्याच खुणेवर उभं राहायचं. मान दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी नाकाची सावली बदलते.

ईझल आरशाच्या शेजारी, आरशाइतक्याच अंतरावर ठेवा. मी उजव्या हाताने रंगवते, म्हणून आरसा डावीकडे, कॅनव्हास उजवीकडे आणि खिडकी डाव्या अंगाला. अशाने हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट करावं. या मांडणीत शरीर कॅनव्हासकडे वळलेलं असतं आणि नजर कोपऱ्यातून आरशाकडे जाते. कितीतरी सेल्फ पोर्ट्रेट्समधली ती तिरकी, जरा संशयी वाटणारी नजर या अडचणीतूनच आलेली असते. ती आवडत नसेल तर आरसा थोडा आत वळवून घ्या.

आता मापाचा एक प्रयोग करा, पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे. एक डोळा मिटून, ओल्या साबणाच्या तुकड्याने आरशाच्या काचेवरच डोक्याचा माथा आणि हनुवटी यांच्या खुणा करा. मग दोन्हींतलं अंतर मोजा. माझं डोकं माथ्यापासून हनुवटीपर्यंत २२ सेंटिमीटर आहे आणि काचेवर ते ११ भरतं. मागे सरका, पुढे या, पुन्हा खुणा करा, आकडा बदलत नाही. प्रतिबिंब काचेच्या मागे तितकंच दूर असतं जितके आपण काचेपुढे असतो, म्हणून काच बरोबर मध्यावर येते आणि माप निम्मं होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही, म्हणून मोजूनच बघा.

याचा उपयोग असा की आरशाशेजारच्या कॅनव्हासवर जसं दिसतं तसं एकास एक मापाने उतरवलं, तर डोकं खऱ्याच्या निम्म्या आकाराचं होतं. बहुतेकजण ते नकळत मोठं काढतात आणि मग खांद्यांना जागा उरत नाही. आरशालगत ठेवलेली बाटली मात्र निम्मी होत नाही, ती जवळपास पूर्ण मापाची दिसते. ३० सेंटिमीटरची बाटली म्हणजे तुमच्या डोक्याच्या अडीच पटींहून उंच! ‘रेडी टू स्टार्ट’मधलं पुढचं टेबल इतकं अंगावर का येतं, याचं मला सापडलेलं उत्तर हेच. डोळ्यावर विश्वास ठेवून बाटली तेवढीच मोठी काढा, चित्रात खोली आपसूक येते. ‘रेडी टू स्टार्ट’चं पॅनेल साधारण ६० बाय ५० सेंटिमीटर आहे. निम्म्या मापाचं डोकं, छाती आणि पुढचं टेबल बसवायला हा आकार अगदी सोयीचा, मीही तोच वापरते.

आरशाच्या कडेला एक कागद खोचा. बसचं जुनं तिकीट, पाकीट, काहीही. ऑर्पेनच्या उधारीच्या चिठ्ठीत गंमत आहेच, पण ती काच नेमकी कुठे आहे हेही सांगते. शिवाय त्या कागदाने दुसरं एक काम होतं. त्याच्यावर नजर रोखली की मागचा चेहरा धूसर आणि दुहेरी होतो. पापण्या, ओठांच्या रेषा सगळं पुसलं जातं, उरतात फक्त उजेड आणि काळोखाचे चार-पाच मोठे तुकडे. टोन बघण्यासाठी डोळे किलकिले करायला सगळेच शिकवतात. हा कागदाचा उपाय मला त्याहून बरा वाटतो, कारण डोळे पूर्ण उघडे राहतात आणि कपाळावर आठ्या पडत नाहीत.

आणि डोक्यावर काहीतरी घाला. ऑर्पेनला कधी बोलर हॅट असते, कधी हेल्मेट. टोपीच्या काठाची सावली कपाळावर पडली की डोक्याचे सरळ दोन भाग होतात, वरचा गडद आणि खालचा उजळ. हा पहिला आकार बरोबर बसला की पुढचं सोपं जातं. मी लोकरीची टोपी आणि पावसाळी कोट घालते, कारण डब्लिनमध्ये ते नेहमी दाराशीच लटकलेले असतात. कोटाला बटणं असतील तर आरशात पट्टी उलट्या बाजूला येते. ती तशीच ठेवायची, सुलटी करण्याच्या फंदात पडू नका.

उजेड

इथला उजेड म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. डिसेंबरच्या मध्यात डब्लिनमध्ये सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो. रंग ओळखता येईल असा उजेड जेमतेम दहा ते अडीच. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही खिडकीशी वाचता येतं, पण ढग सारखे पळत असतात आणि दर दहा मिनिटांनी चेहरा नवा होतो. उत्तरेची खिडकी असेल तर थेट ऊन येत नाही, निम्मा त्रास वाचतो. ती नसेल तर काचेवर ट्रेसिंग पेपर लावा.

मी ढगाळ दिवसाचं आणि उन्हाचं अशी दोन चित्रं एकाच वेळी चालू ठेवते. आभाळ बघून कॅनव्हास निवडायचा. एकाच चित्रात दोन्ही उजेड मिसळले तर गालाचा रंग कपाळाशी कधीच जुळत नाही, आणि चूक नेमकी कुठे आहे हे शोधण्यात आठवडे जातात.

रंग आणि पहिला हात

रंग थोडे ठेवा: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, कॅडमियम रेड, अल्ट्रामरीन, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक. ऑर्पेनच्या पिढीचा पांढरा म्हणजे शिशाचा. तो विषारी आहे आणि युरोपात त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत. टायटेनियम त्यापेक्षा थंड आणि फार जोरकस असतो, थेंबभर जास्त पडला तरी मिश्रण खडूसारखं होतं. म्हणून पांढऱ्यात रंग मिसळत जाण्याऐवजी रंगात पांढरा मिसळत जा.

कॅनव्हासवर रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासा, फडक्याने पुसून घ्या आणि मधल्या टोनचा तपकिरी तळ मिळवा. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो लवकर सुकतो. इथल्या थंडीत बाकीच्या थरांना सुकायला चांगलाच वेळ लागतो, काळ्याला आणि टायटेनियमला तर विशेष, त्यामुळे तळासाठी अंबरच बरा. एक दिवस जाऊ द्या.

मग त्याच अंबरने रुंद ब्रशने मांडणी. क्रम असा: आधी आरशाची चौकट, मग टेबलाची कड, मग बाटली, मग टोपीचा आकार, मग खांदे. शेवटी टोपी आणि खांदे यांच्यामध्ये उरलेली जागा, म्हणजे चेहरा. साबणाच्या खुणांशी माप पडताळून बघा. चेहऱ्यात या दिवशी फक्त दोन टोन: उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू. डोळे म्हणजे खोबणीची सावली. बुबुळ, पापणी, भुवई यांना अजून चित्रात प्रवेश नाही.

दुसऱ्या दिवसापासून खरा रंग. सावल्या पातळ ठेवा, तळाचा तपकिरी जरा दिसू दे. उजेड जाड. वरच्या थरांत तेलाचं प्रमाण खालच्यापेक्षा जास्त असावं, नाहीतर पुढे चिरा पडतात.

त्वचेच्या रंगाबद्दल थोडं मोकळेपणाने सांगते. पुस्तकांत जी मिश्रणं दिलेली असतात ती बहुतेक गोऱ्या कातडीची. ऑर्पेनचे गुलाबी, लालसर गाल बघून मी ते माझ्या चेहऱ्यावर चढवू शकत नाही. माझ्या सावळ्या रंगाचा पाया बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि किंचित अल्ट्रामरीन. आणि ढगाळ दिवसाची मजा इथेच आहे. सावळ्या कपाळावर आयरिश आभाळाचा उजेड चक्क करडा-निळा पडतो, पांढरा नाही. पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि टाचणीच्या डोक्याएवढा काळा घालून तो लावा. ट्यूबशेजारी हा रंग भलताच निळा दिसतो, पण कपाळावर ठेवला की तेलकट चमक होऊन बसतो. मधला पट्टा, म्हणजे नाक, गाल आणि कान, बाकी चेहऱ्यापेक्षा लालसर असतो. तिथे सिएनात थोडा कॅडमियम रेड. जबड्याखाली कोटाचा रंग परावर्तित होतो, तोही बघा. माझ्या हिरव्या कोटामुळे हनुवटीखाली मातकट हिरवी झाक येते आणि मला ती फार आवडते.

टाँकिंग: दिवस संपताना करायचं काम

स्लेडमध्ये ऑर्पेनला शिकवणाऱ्यांत हेन्री टाँक्स होते. मूळचे शल्यचिकित्सक, मग चित्रकलेचे शिक्षक झालेले. त्यांच्या नावाने एक कृती चित्रकारांमध्ये रूढ आहे, टाँकिंग. दिवसाचं काम संपलं की ओल्या चित्रावर शोषून घेणारा कागद पसरायचा, तळहाताने हलकेच दाबत फिरवायचा आणि एका कोपऱ्यातून सावकाश उचलायचा. वरचा जाड रंग कागदाला लागून येतो आणि खाली राहतं पातळ, मऊ, कडा विरघळलेलं चित्र.

कागद छपाई नसलेला, न्यूजप्रिंटसारखा घ्या. चकचकीत कागद रंग शोषत नाही, नुसता घसरतो. दाब सगळीकडे सारखा नको: डोळे, ओठ, नाकपुड्या इथे नीट दाबा, कारण तिथेच रंग साचतो. बाटलीवरची चांगली जमलेली चमक मात्र सोडा. कागद उचलल्यावर त्याच्या पाठीवर तुमचाच चेहरा उलटा उमटलेला दिसतो. तोही फेकू नका, बघा. आरशातला चेहरा उलटा असतो, म्हणजे कागदावर उमटलेला चेहरा लोकांना दिसतो तसा. नाक एका बाजूला सरकलंय किंवा एक डोळा खाली आलाय, हे या छापावर लगेच कळतं.

पहिल्यांदा हे करताना जीव वर-खाली होतो. दिवसभराचं काम आपल्या हाताने पुसायचं! पण दुसऱ्या दिवशी चिखलासारख्या ओल्या थरावर काम करावं लागत नाही आणि साम्य कुठेही जात नाही. साम्य मोठ्या आकारांत असतं आणि ते आकार खाली शाबूत राहतात. चेहरा करताना मी प्रत्येक वेळी टाँकिंग करते. टेबल आणि भिंत यांना त्याची गरज क्वचितच पडते.

डोळे, हात आणि कडा

आता डोळे. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. तो वरच्या पापणीच्या सावलीत असतो आणि कपाळाच्या उजेडापेक्षा बराच गडद. खात्री करायची असेल तर पॅलेट नाइफच्या टोकावर तो करडा रंग घेऊन आरशाच्या काचेवरच, प्रतिबिंबातल्या डोळ्याशेजारी धरा. वरच्या पापणीची कड गडद आणि स्पष्ट, खालचीची हलकी, जवळजवळ नाहीच. बुबुळातला उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी, एकदाच ब्रश टेकवून. तो गोल काढू नका. नीट बघितलंत तर ती खिडकी असते, चौकोनी, आणि बाहेर समोरच्या घराचं छप्पर असेल तर खालून कापलेली.

रंगवणारा हात आरशात सतत हलतो, त्याच्या मागे लागू नका. मोकळ्या हाताला काम द्या आणि तोच रंगवा. टार्मिगन हा थंड डोंगराळ मुलुखातला पक्षी, हिवाळ्यात पांढरा होतो. ऑर्पेनने तो उंच धरलाय आणि आपली नजर चेहऱ्यावरून तिकडे जाते. तुम्ही फडकं धरा, कप धरा, किल्ल्या धरा. हात दुखतो, म्हणून पाच मिनिटं काम आणि दोन मिनिटं आराम. धरलेली वस्तू सुकणारी किंवा कोमेजणारी असेल तर ती पहिल्या बैठकीतच पूर्ण करा, चेहरा थांबू शकतो.

आणि थांबणं म्हणजे किती, तर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरचा चित्रकार जेम्स बॅरी आठवा. त्याचं टिमान्थीस या प्राचीन ग्रीक चित्रकाराच्या रूपातलं सेल्फ पोर्ट्रेटही नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्येच आहे. १७८०च्या सुमाराला सुरू झालेलं ते काम १८०३ साली पुरं झालं. चित्र बाजूला ठेवलं म्हणजे सोडलं असं नव्हे.

कडांना दोन-तीन बैठका राखून ठेवा. टोपीची उजेडाकडची कड कडक, खांद्याची सावलीतली कड भिंतीत विरलेली. आरशाच्या चौकटीची कड सगळ्यात धारदार ठेवा, कारण ती खरी वस्तू आहे आणि तुम्ही प्रतिबिंब. हा एवढा फरक पाळला तर बघणाऱ्याला न सांगता कळतं की मध्ये काच आहे. सगळ्या कडा सारख्या झाल्या की हीच मांडणी पत्त्यांसारखी सपाट दिसते.

सुकवणं आणि आवरणं

जवसाचं तेल बाष्पीभवनाने सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निर्माण होते. म्हणून तेलाने भिजलेली फडकी आणि टाँकिंगचे कागद चुरगळून टोपलीत टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या. काम चालू असताना खिडकी फटीएवढी तरी उघडी हवी, मग बाहेर पाऊस असो.

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवण्यापेक्षा उजेडात सुकू द्या. अंधारात जवसाचं तेल पिवळट पडतं. सुकताना काळे आणि अंबरचे भाग निस्तेज होतात. तिथे अगदी थोडं तेल बोटाने चोळून जादा पुसून घ्या, गडदपणा परत येतो. व्हार्निशची घाई नको: पातळ चित्राला सहा महिने, जाड रंगाला वर्ष. सही त्याआधीच करून टाका, मऊ टोकाच्या ब्रशने, आरशाच्या चौकटीवर किंवा खोचलेल्या कागदावर. तो कागद तिथे आहेच.